पार्ट बदलण्याआधी

चि. चिन्मय यास,


तुझी मेल, फोटो आणि मागवायच्या पार्टची यादी, सगळं मिळालं. यादी आधी बाजूला ठेव. नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, दोन १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि वर ते महागडे कपॅसिटर. एवढ्या पैशांत अर्धं किट पुन्हा येईल. तुझ्या तक्रारी तीन. चालू केल्यावर ॲम्प किंचाळतो, व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी घरघर राहते, आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते. यातल्या एकाही तक्रारीवरून ट्रान्सफॉर्मर गेला असं म्हणता येत नाही. तो बदलणं म्हणजे आमटी खारट झाली म्हणून पातेलं बदलणं.

हे उत्तर तुला एकट्याला न धाडता छापायला देतेय, याचा राग मानू नकोस. व्हॉल्व्हचे ॲम्प घरी जोडणारी पोरं हल्ली इकडेही भेटतात. काही गिटारवाली, काही जुन्या रेकॉर्डवाली. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: “कुठला पार्ट गेला असेल?” माझ्या मते नव्या किटच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. पार्ट खराब निघतच नाही असं नाही. पण मीटरने तसं दाखवेपर्यंत त्याला निर्दोष धरायचं.

तुझ्या गावाचीही गंमत आहे. कलामझूमध्ये १९८४ पर्यंत गिब्सनचा गिटारचा कारखाना होता, आणि तिथे बसून तू जोडतोयस फेंडरचा चॅम्प! तिथून तासाभराच्या ड्राइव्हवर, मिशिगन सरोवराच्या काठाला बेंटन हार्बर आहे. हीथ कंपनी तिथली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला इलेक्ट्रॉनिक माल त्यांनी स्वस्तात उचलला आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं किट काढलं. पुढे १९९२ मध्ये किटचा धंदा बंद होईपर्यंत ‘हीथकिट’ जोडत जोडत अमेरिकेतल्या दोन पिढ्या इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या. त्यांच्या पुस्तिका एकदा मिळवून वाच. प्रत्येक पायरीपुढे खूण करायला रिकामा कंस, आणि शेवटी अडचण आली तर काय करावं याचा एक भाग. दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या किटपैकी सुमारे ९० टक्के किटमध्ये दोष असतो तो खराब जोडणीचा आणि सोल्डरिंगचा, असं त्यात सरळ लिहिलेलं असे. हे ती किट विकणाऱ्यांनीच लिहिलंय म्हणून ‘आपली कातडी वाचवतात’ असं कुणी म्हणेल. पण आकाशवाणीच्या ट्रान्समीटरवर नोकरी काढल्यावर मी तरी त्याला हरकत घेणार नाही. त्याच पुस्तिकांतला दुसरा सल्ला असा, की जोडणी एखाद्या मित्राकडून तपासून घ्या. स्वतः केलेली चूक स्वतःला दिसत नाही, दहा वेळा नकाशा लावून पाहिला तरी दिसत नाही. तुझ्या शेजारच्या खोलीतला तो केमिस्ट्रीवाला आहे ना, त्याला बसव. त्याला यातलं काही कळत नाही, हेच बरं. “या पिनपासून ही पिवळी वायर कुठे जाते?” एवढंच त्याने विचारायचं, आणि तू उत्तर देताना कुठे अडखळतोस ते बघायचं.

मीटर हातात घेण्याआधी एक गोष्ट, आणि ही दादाला सांगू नकोस, नाहीतर तो रात्रभर झोपणार नाही. तुझ्या टेबलावरच्या त्या पेटीत ३४० व्होल्टच्या आसपास डीसी खेळतोय. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी तो फिल्टर कपॅसिटरमध्ये राहू शकतो. धडधाकट ॲम्प बंद केला तर गरम व्हॉल्व्हच त्यातली बरीचशी वीज ओढून घेतात. पण व्हॉल्व्ह काढलेला असेल किंवा चालत नसेल, तर ती वाट बंद असते. म्हणजे ॲम्प नादुरुस्त असताना, नेमका तू आत हात घालतोस तेव्हा, धोका जास्त. चॅम्पच्या मूळ ५एफ१ नकाशात ही वीज जिरवणारा वेगळा रेझिस्टर नाही. तेव्हा १०० किलोओहमचा ३ वॅटचा एक रेझिस्टर घे, त्याला इन्सुलेटेड क्लिपा लाव, एक टोक चॅसिसला आणि दुसरं पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या प्लसला. १६, ८ आणि ८ मिळून ३२ मायक्रोफॅरड. १०० किलोओहममधून ते पंधरा-सोळा सेकंदांत रिकामे होतात. तरी मीटर लावून शून्य बघायचंच. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करणारे बहाद्दर भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. ठिणगी उडते, कपॅसिटरला मार बसतो आणि माणूस दचकून दुसरीकडे हात मारतो.

आमच्याकडे ट्रान्समीटरच्या कपाटाचं दार उघडलं की पुरवठा आपोआप तुटायचा, तरी आत जाण्याआधी दाराशी टांगलेली अर्थिंगची काठी प्रत्येक ठिकाणी टेकवायची, हा नियम. दार खोटं बोलू शकतं, काठी बोलत नाही, असं आमचे सीनियर म्हणायचे. चालू ॲम्पमध्ये मोजताना एकच हात वापर. पुरुष सहकारी दुसरा हात खिशात घालायचे. साडीला खिसा नसतो, म्हणून मी डावा हात पाठीमागे पदरात धरून ठेवायची. मीटरची काळी क्लिप चॅसिसला कायमची अडकव आणि लाल प्रोब तेवढा हलव.

आता कामाला लागू. सुरुवात वीज न देता करायची, रेझिस्टरपासून.

तू पाठवलेल्या फोटोत निळे, पाच पट्ट्यांचे मेटल फिल्म रेझिस्टर दिसतात. माझ्या काळचे तपकिरी कार्बनचे चार पट्ट्यांचे असत, आणि त्यात सोनेरी-चंदेरी पट्टी कुठल्या टोकाला हे लगेच कळायचं. या निळ्यांत शेवटची पट्टीही तपकिरी, पहिलीही तपकिरी, आणि निळ्या रंगावर लाल, नारिंगी, तपकिरी ओळखायला संध्याकाळच्या दिव्यात भल्याभल्यांना जमत नाही. एक उदाहरण घे. तपकिरी, काळा, काळा, नारिंगी, तपकिरी म्हणजे १०० किलोओहम. तोच उलटा धरून वाचला तर तपकिरी, नारिंगी, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १३० ओहम. दोन्ही वाचनं नियमात बसतात! तुझ्या ॲम्पमध्ये १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटवर हाच १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे. म्हणून रंग वाचायचे ते अंदाजापुरते, बोर्डावर बसवायचा तो मीटरवर मोजून.

पण तू सगळं बसवून बसला आहेस. हरकत नाही, बसवलेला रेझिस्टरही मोजता येतो. फक्त एक समजून घे. सर्किटमध्ये त्याच्या शेजारून दुसऱ्या वाटा जातात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. जास्त मात्र येऊ शकत नाही. कपॅसिटर रिकामे असताना आणि आकडा स्थिरावल्यावरही मीटर छापील किमतीपेक्षा बराच जास्त दाखवत असेल, तर तो रेझिस्टर तुटलाय, चुकीचा बसलाय, नाहीतर त्याच्या सोल्डरमध्ये खोट आहे. कमी दाखवत असेल तर निकाल द्यायचा नाही. त्याचं एक टोक मोकळं करायचं आणि पुन्हा मोजायचं.

ट्रान्सफॉर्मरला तू ‘शॉर्ट’ का ठरवलंस तेही कळलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या गुंडाळीवर मीटर लावलास आणि जवळजवळ शून्य ओहम आले, बरोबर? ते तसंच यायला हवं. जाड तारेचे थोडे वेढे, डीसीला एक ओहमसुद्धा नसतात. प्लेटकडच्या बाजूला काहीशे ओहम मिळतात. दोन्ही बाजू सलग आहेत, तारा सोडवल्यावर एकमेकींना आणि चॅसिसला चिकटलेल्या नाहीत, एवढं दिसलं की ट्रान्सफॉर्मरला सोडून दे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प वाजवायचा नाही. स्पीकरविना वाजवलास तर प्राथमिक गुंडाळीत इतकं व्होल्टेज उसळतं की चांगला ट्रान्सफॉर्मरही खरोखर जाऊ शकतो.

मग वीज. थेट भिंतीतून नाही, सिरीज बोर्डातून. इकडच्या कुठल्याही रेडिओ मेकॅनिकच्या टेबलाखाली हा असायचाच: एक बल्ब, एक सॉकेट, दोन्ही एकापाठोपाठ. बल्ब जुना पिवळा, तारेचा हवा, १०० वॅटचा असला तर उत्तम. एलईडी चालणार नाही. तुमच्याकडे २०२३ पासून साधे पिवळे बल्ब दुकानांतून जवळजवळ गेलेच, पण गॅरेज सेलमध्ये खोकंभर सापडतील. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंदावतो.

क्रम असा. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता. नुसत्या ट्रान्सफॉर्मरला बल्ब जवळजवळ विझायला हवा. इथे एसी मोज: हीटरच्या दोन हिरव्या तारांत ६.३ च्या थोडं वर, रेक्टिफायरच्या दोन पिवळ्यांत ५ च्या थोडं वर, आणि दोन लाल तारांपैकी प्रत्येकीवर चॅसिसपासून ३२५ च्या आसपास, दोन्हीकडे सारखं. रंग अमेरिकन प्रघाताचे सांगतेय, तुझ्या किटच्या कागदावर वेगळे असले तर कागद खरा. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ लाव, रेक्टिफायर नको. दोन्हींत ठिणगीसारखा लालसर उजेड दिसला की हीटर ठीक. रेक्टिफायर सगळ्यात शेवटी. बरीच मुलं उलटं करतात, ५वाय३ रेक्टिफायर एकटा लावून ‘एचटी’, म्हणजे उच्च डीसी व्होल्टेज, ‘येतंय का’ बघतात. भार नसताना ३२५ चं शिखर ४६० व्होल्टपर्यंत जातं, आणि तुझे फिल्टर कपॅसिटर आहेत ४५० चे.

सिरीज बल्बावर आकडे कमी येणार, ते धरून चाल. बल्ब मंद राहिला तर तो काढून खरे आकडे घ्यायचे. नकाशातल्या आकड्याशी तंतोतंत जुळायचा हट्ट नको. फेंडरने नंतरच्या काळात आपल्या नकाशांवर छापलंच होतं, की वीस टक्के वरखाली चालेल. शिवाय ते सर्किट जुन्या, थोड्या कमी व्होल्टेजच्या विजेवर बेतलेलं. आज तुमच्या भिंतीत १२० किंवा वरच असतं.

किंचाळण्याचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. चॅम्पमध्ये स्पीकरकडचा थोडा आवाज २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मागे आणून १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्याच्या कॅथोडला दिलेला असतो. तो मूळ आवाजाच्या उलट दिशेने यायला हवा, म्हणजे ॲम्प लगामात राहतो. ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट्या लागल्या तर तोच आवाज विरोध करण्याऐवजी भर घालतो, आणि ॲम्प बोंब मारतो. वीज काढ, कपॅसिटर रिकामे कर, २२ किलोओहमचं एक टोक सोडव. किंचाळणं थांबलं आणि गिटार आधीपेक्षा मोठ्याने वाजली, तर स्पीकरकडच्या दोन तारांची अदलाबदल कर आणि रेझिस्टर परत जोड. झालं. यात पार्ट कुठलाच खराब नाही. सिंगल-एंडेड ॲम्प जोडणाऱ्या निम्म्या लोकांना हे भेटत असावं, कारण कुठली दिशा सुलटी हे बाहेरून पाहून कळतच नाही.

आता घरघर. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येते, म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या पुढे आहे किंवा पुरवठ्यात आहे. पहिल्या टप्प्याला यातून जवळजवळ वगळ. नंतर वीज बंद करून १२एएक्स७ काढ आणि पुन्हा चालू कर. घरघर गेली तर ती त्याच्या दुसऱ्या अर्ध्यातून येत होती, राहिली तर ६व्ही६ आणि पुरवठा यांच्यात शोध. एवढ्या दोन कृतींनी अर्धा बोर्ड बाद होतो.

पुढचं काम कानाचं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. हीटरच्या तारांतून किंवा चुकीच्या अर्थिंगमधून येणारी घरघर ६० ची असते. फिल्टरमधून सुटलेली १२० ची, कारण रेक्टिफायर दोन्ही अर्धी चक्रं वापरतो. माझ्या कानाला ५० आणि १०० ची सवय, मी तुझं रेकॉर्डिंग ऐकून शपथ घेणार नाही. पण तुझ्या हातात गिटार आहे. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर वाजव, तो सूर १२३ हर्ट्झच्या जवळ आहे. घरघर त्याच्याशी जवळजवळ लागत असेल तर १२०. त्याच्याही एक सप्तक खाली, तुझ्या जाड ई तारेच्याही खाली असेल तर ६०.

१२० निघाली तर पहिल्या १६ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरकडे जा. तिथलं डीसी ३४० ऐवजी अडीचशेच्या आसपास कुठे असेल आणि घरघर मोठी असेल, तर तो कपॅसिटर सर्किटमध्ये नाहीच असं समज. फुटलाय असं मी म्हणत नाही, सर्किटमध्ये नाही म्हणतेय. त्याचा मायनस चॅसिसला पोचतो का बघ. तुझ्या दुसऱ्या फोटोत तिथल्या टॅगवर सोल्डरचा गोळा दिसतो, राखाडी, मॅट. त्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. टॅग मोठा, चॅसिस आणखी मोठा, उष्णता सगळी पत्रा खाऊन टाकतो आणि कथील वितळतं पण चिकटत नाही. छोट्या टोकाच्या वीस-पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने चॅसिसवर डाग बसत नाही, साठचं घे, टोक रुंद. आधी जागा तापव, मग सोल्डर त्या जागेला लाव, आयर्नच्या टोकाला नाही. बांबूची कोरडी काडी घेऊन चालू ॲम्पमध्ये एकेक डाग हळूच ढोसलास, तर असे झोपलेले डाग कडकड करून स्वतःच उठतात. काडी बांबूचीच, पेन्सिल नको, तिच्यातलं शिसं वीज वाहतं.

६० निघाली तर हीटर. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर गुंडाळीला मधली तार नसेल, तर किटमध्ये १०० ओहमचे दोन रेझिस्टर दिलेले असतात, दोन्ही हीटर तारांतून चॅसिसला. त्यांतल्या एकाचा डाग कच्चा राहिला तरी तोल जातो. प्रत्येक तारेवर चॅसिसपासून तीनच्या थोडं वर एसी, दोन्हीकडे सारखं, हे दिसायला हवं. तारा घट्ट पिळलेल्या आणि ग्रिडच्या पिनांपासून दूर. तुझ्या फोटोत त्या सैल आहेत, पण एवढी घरघर नुसत्या सैलपणाने यावी असं वाटत नाही.

आता खरखर. मला यातच खरा रस आहे, कारण इथे कदाचित तुझा एक पार्ट सापडेल. नवीन व्हॉल्यूम कंट्रोल सहसा खरखरत नाही. खरखरतो तो त्याच्यावर डीसी आला की. आणि त्याच्याआधी डीसी अडवायला बसवलाय कोण? ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. १२एएक्स७ च्या प्लेटवरचे दीडएकशे व्होल्ट त्याने आपल्या अंगावर झेलायचे आणि पुढे फक्त आवाज सोडायचा. तो गळत असेल तर डीसीही झिरपतो. व्हॉल्यूमच्या दोन टोकांवर डीसी मोज. शून्य हवं. काही दशांश व्होल्ट आले तरी प्रकरण पुढे न्यायचं.

असाच दुसरा कपॅसिटर ६व्ही६ च्या आधी आहे, आणि तिथली गळती जास्त महागात पडते. ६व्ही६ च्या पिन ५ वर, म्हणजे ग्रिडवर, डीसी मोज. समज २ व्होल्ट प्लस मिळाले. दोन संशयित: कपॅसिटर गळतोय, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये हवा किंवा वायू राहिल्याने त्याचा ग्रिड स्वतःच प्रवाह देतोय. दोघांना वेगळं करायचं तर ६व्ही६ काढ आणि पिन ५ वर पुन्हा मोज. व्होल्टेज तसंच राहिलं तर कपॅसिटर, गेलं तर व्हॉल्व्ह. हे सिरीज बल्बावर आणि झटपट कर, कारण ६व्ही६ काढल्यावर एचटी वर चढतं.

कपॅसिटर निघाला तरी थांब. त्याचं ग्रिडकडचं टोक बोर्डावरून उचल आणि रिकाम्या झालेल्या जागेवर मोज. व्होल्टेज अजूनही असेल, तर गळती बोर्डातून आहे: जळकी राळ, ओल, दोन टॅगांमधला मळ. स्पिरिटने घासून साफ कर. व्होल्टेज गेलं, तर मात्र कपॅसिटर दोषी, निःसंशय. बाहेर काढून साध्या मीटरवर मोजलास तर कदाचित तो निर्दोष दिसेल, कारण मीटर त्याला जेमतेम काही व्होल्ट देतं आणि गळती दिसते ती दीडशेला. यावरूनच कळेल, की पार्ट काढून टेबलावर तपासणं नेहमीच जास्त खात्रीचं नसतं. सर्किट चालू असताना जे मोजतोस तेच त्याचं खरं वागणं.

आणि हे सगळं होईपर्यंत नवी ६व्ही६ त्या सॉकेटमध्ये घालू नकोस. ग्रिडवर प्लस व्होल्टेज असताना व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, प्लेट लाल होते. जुनी बिघडलेली असेल किंवा नसेल, नवी मात्र नक्की बिघडेल.

व्हॉल्व्ह तपासायलाही आधी गणित. ६व्ही६ च्या पिन ८ वर, ४७० ओहमच्या रेझिस्टरवर, १९ व्होल्ट मिळाले असं धर. १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलिअँपिअर. चॅम्पसाठी हे ठीक. व्होल्टेज पंचवीसच्या वर गेलं तर जास्त ओढतोय, आणि त्या रेझिस्टरला समांतर असलेला कपॅसिटर २५ व्होल्टचाच आहे हेही आठव. काहीच नसेल तर प्रवाह नाही. १२एएक्स७ मध्ये कॅथोडला १.५ किलोओहम, तिथे दीड व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. हाच प्रवाह वर १०० किलोओहममधून येतो, तेव्हा त्यावर १०० व्होल्ट पडायला हवेत. दोन आकडे एकमेकांचे साक्षीदार. कॅथोड म्हणतोय एक मिलिअँपिअर आणि प्लेटचा रेझिस्टर साठच व्होल्ट पाडतोय, तर दोघांपैकी एका रेझिस्टरची किंमत कागदावर आहे ती नाही. प्लेटवर पुरवठ्याएवढंच व्होल्टेज असेल तर व्हॉल्व्हमधून काही वाहतच नाही: हीटर गार, कॅथोडचा डाग सुटलेला किंवा सॉकेटची पिन सैल.

सॉकेटचं बघच. पिना खालून, वायरिंगच्या बाजूने मोजायच्या, घड्याळाच्या दिशेने. वरून मोजल्या की सगळं आरशातलं होतं. १२एएक्स७ ला ६.३ व्होल्टवर चालवताना पिन ४ आणि ५ एकत्र, ९ वेगळी. हे चुकलं तर एकच अर्धा पेटतो आणि लोक ‘अर्धा व्हॉल्व्ह गेला’ म्हणून परत पाठवतात.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मी थोडी सैल आहे. तो उपटून दुसरा घालून बघता येतो, आणि तो कारखान्यातून इथवर काचेत येतो. आमच्या वेळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह असत. तुला मिळतील ते बहुतेक स्लोव्हाकियाचे, रशियाचे किंवा चीनचे. काचेच्या डोक्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, टाकून दे. काचेच्या आतल्या अंगावर निळसर झळाळी दिसली तर घाबरू नकोस. जांभळट धुकं प्लेटच्या आत, इलेक्ट्रोडच्या मध्ये दिसलं तर वायू. १२एएक्स७ ला काडीने टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण् असा आवाज किंचित येणारच, पण घंटा वाजत राहिली तर पहिल्या टप्प्यात तो नको. गोळा करून ठेवायला एक जादा १२एएक्स७ घेतलास तर मी काही बोलणार नाही.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ असतास, तर हे सगळं दुकानदारानेच तुला उभ्या उभ्या सांगितलं असतं, वर पार्टही विकला असता. तिथे तुला सांगणारं कुणी नाही म्हणून पत्र लांबलं.

आता मला आकडे पाठव, मतं नकोत. व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर जोडलेला, सिरीज बल्ब काढलेला: रेक्टिफायरची पिन ८, तिन्ही फिल्टर कपॅसिटर, ६व्ही६ च्या पिना ३, ४, ५ आणि ८, १२एएक्स७ च्या १, ३, ६ आणि ८. वहीत तारीख घालून लिही, कारण उद्या काही बदलशील तेव्हा आजचं काय होतं ते डोक्यात राहत नाही. आमच्याकडे तासातासाला मीटर वाचून लॉगबुकात लिहायचं काम नवशिक्यांना फार जाचायचं, मलाही जाचायचं. पण ट्रान्समीटर पडला की सगळे आधी त्या वहीकडे धावत.

दिवाळीला येताना ॲम्प आणायचं तुझ्या मनात आहे असं वहिनी म्हणाली. त्याआधी पॉवर ट्रान्सफॉर्मरवरचं लेबल वाच. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे स्टेप-डाउन लावून भागेल असं वाटेल. पण त्याखाली फक्त ६० हर्ट्झ असेल, तर ५० वर त्याचं लोखंड भरून जाईल आणि तो तापेल. ५०/६० असेल तरच घेऊन ये. नसेल तर गिटार तेवढी आण, ॲम्पचं मी इथे बघते.

तुझी,
आत्या